पाणीवेशीपुढील नवें वर्ष

(शास्त्रभाग: नहेम्या, अध्याय ८ ते १० व १३)



देवाच्या कृपेनें आपण आणखी एका नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर येऊन उभे आहों. आपल्या खेड्यांत वर्ष कांहीं एकदांच सुरू होत नाहीं. सालगड्याचें साल गुढीपाडव्याला भरतें आणि त्याच दिवशीं पुढचें साल ठरतें. दुकानदार दिवाळींत नवी वही घालतो. सरकारी हिशेबाचें वर्ष १ एप्रिलला लागतें, आणि शेतकऱ्याचें वर्ष तर मृगाचा पाऊस पडल्याशिवाय उघडतच नाहीं. या सर्वांत १ जानेवारीचा दिवस आपल्या शिवारांत मुकाट्यानें येतो. ज्वारी हुरड्यास आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, ऊस तुटत असतो. नवें म्हणून त्या दिवशीं शेतांत कांहीं पेरलें जात नाहीं. मग ख्रिस्ती मनुष्यानें या दिवसास नवा कां म्हणावें? केवळ भिंतीवरचा कागद बदलला म्हणून कीं काय?

वर्षाच्या शेवटल्या रात्रीं पुष्कळ गांवीं मंदिरांत उपासना होते. भजनें होतात, साक्षी होतात, आणि प्रार्थनेच्या वेळीं पुष्कळजण मनांतल्या मनांत कांहीं तरी ठरवितात. कोणी म्हणतो, यापुढें दारूस शिवणार नाहीं. कोणी म्हणतो, भावाशीं बोलेन. कोणी म्हणतो, रोज घरांत शास्त्र वाचीन. हे संकल्प मनापासूनचे असतात, यांत संशय नाहीं. परंतु शिमग्यापर्यंत त्यांतले किती उरतात, हें ज्याचें त्यास ठाऊक. म्हणूनच प्रत्येक मंडळींत एखादा तरी असा मनुष्य असतो, कीं जो त्या रात्रीं मागें भिंतीला टेकून गप्प बसतो. त्यास बोलतें केलें तर तो म्हणतो, "दरसाल तेंच बोलायचें आणि दरसाल तेंच मोडायचें. देवापुढें खोटें ठरण्यापेक्षां न बोललेलें बरें." हें बोलणें कोणीं हलकें मानूं नये. हा मनुष्य देवास विसरलेला नाहीं. देवापुढें लाज वाटून तो मागें सरला आहे. आज आम्हांस विशेषेंकरून त्याच्याशींच बोलावयाचें आहे, आणि त्यासाठीं शास्त्रांतील एका नववर्षदिनाची हकीगत आम्ही त्याच्यापुढें ठेवितों.

ख्रिस्तापूर्वीं सुमारें ४४५ वर्षें झालेली ही गोष्ट आहे. बाबेलच्या बंदिवासांतून परत आलेले यहूदी लोक यरुशलेमेंत व भोंवतालच्या खेड्यांत राहत होते. राजा अर्तहशश्त याचा प्यालेबरदार नहेम्या हा राजाची परवानगी घेऊन तेथें आला, आणि पडलेला कोट त्यानें लोकांकडून ५२ दिवसांत बांधून पुरा करविला. तें काम अलूल महिन्याच्या पंचविसाव्या दिवशीं संपलें (नहे. ६:१५). पुढें शास्त्रांत लगेच सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवसाचें वर्णन येतें. नियमशास्त्राप्रमाणें तो कर्णे वाजविण्याचा पवित्र दिवस होता, आणि पुढील काळीं यहूदी लोक तोच दिवस वर्षारंभ म्हणून पाळूं लागले. कोट उभा राहिला होता, वेशींना दारें लागलीं होतीं. परंतु कोटाच्या आंत राहणाऱ्या माणसांचें काय? दगडांचें काम बावन्न दिवसांत झालें. अंतःकरणांचें काम अद्याप सुरू व्हावयाचें होतें.

त्या सकाळीं लोक एका मनानें पाणीवेशीपुढच्या चौकांत जमले. तेथें पुरुष होते, स्त्रिया होत्या, आणि ऐकून समजण्याजोगीं मुलेंही होतीं. नियमशास्त्राचा ग्रंथ आणावा, अशी विनंती एज्रास त्या लोकांनींच केली. त्यासाठीं केलेल्या लांकडी मंचावर एज्रा उभा राहिला, आणि त्यानें ग्रंथ उघडतांच सर्व लोक उठून उभे राहिले. उजाडल्यापासून दोन प्रहरपर्यंत वाचन चाललें. येथें आमच्या उपदेशक बंधूंनीं व बायबलबाईंनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. एज्रा मंचावर उभा होता, परंतु लोकांना अर्थ उलगडून सांगणारे सेवक लोकांमध्यें उभे होते. त्यांपैकीं तेरा जणांचीं नांवें शास्त्रांत नोंदलीं आहेत (८:७). बाबेलांत वाढलेल्या पुष्कळांना जुनी इब्री भाषा जड जात असावी. म्हणून हे सेवक स्पष्ट वाचीत आणि वाचलेलें समजावून देत. आत्म्याचें नवीकरण येथून सुरू झालें. कोणीं शपथ घेतली नव्हती, कोणीं वर्गणी मांडली नव्हती. देवाचें वचन लोकांना समजलें, एवढेंच झालें होतें.

आज आमच्या किती तरी मंडळ्या जानेवारींत अर्ध्या रिकाम्या असतात! दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेलीं कुटुंबें साखर कारखान्यांच्या आसपास कोप्यांतून राहतात. उजाडण्यापूर्वीं तीं फडांत जातात आणि रात्रीं गाडी भरून झाल्यावर त्यांच्या चुलीवर भाकर पडते. त्यांचें नवें वर्ष कोणत्या मंदिरांत साजरें व्हावें? पाणीवेशीचा चौक याचें उत्तर देतो. ज्या ठिकाणीं लोक आहेत, त्या ठिकाणीं ग्रंथ गेला पाहिजे. रात्रीं कोपीपुढच्या शेकोटीभोंवतीं दहा ओवाळ शब्दांचा नव्हे, पण एका अध्यायाचा अर्थ समजेल असा सांगितला, तरी तेथें पाणीवेस उभी राहते. उपदेशक बंधूंनो, मंडळींतील जीं माणसें येऊं शकत नाहींत त्यांच्याकडे जाणें, हें तुमच्या नव्या वर्षाचें पहिलें काम समजा.

वचन समजल्यावर लोक रडूं लागले. आपण काय करावयाचें होतें आणि काय केलें, हें त्यांना एकदम दिसलें. आपल्यास वाटेल, कीं आतां त्यांच्याकडून उपास करवावा, शपथा घ्यावयास लावाव्या. परंतु नहेम्या, एज्रा व लेवी यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं लोकांचे डोळे पुसविले आणि त्यांना घरोघर सणाचें जेवण करावयास सांगितलें. एवढेंच नव्हे, तर ज्याच्या घरीं कांहीं शिजलें नाहीं त्याच्याकडे वाटा धाडावयास सांगितलें. कारण परमेश्वरापासून लाभणारा आनंद हाच मनुष्याच्या अंगांत बळ आणितो, असें त्यांनीं शिकविलें (८:९-१२). हा क्रम फार अर्थपूर्ण आहे. जो मनुष्य केवळ स्वतःकडे पाहून रडतो, तो रडून थकतो आणि होता तेथेंच बसतो. देव आपल्यावर अजून प्रीति करितो हें ज्याला कळलें, तो उठून चालूं लागतो. आणि त्या आनंदाची खूण कोणती? शेजारच्या विधवेच्या घरीं पोंचलेलें ताट. ज्या नववर्षाच्या आनंदांत असें एकही ताट उंबरठ्याबाहेर गेलें नाहीं, तो आनंद पाणीवेशीचा आनंद नव्हे.

कबुलीचा दिवस त्यानंतर आला. मांडवांचा सण पार पडल्यावर, त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशीं, लोक उपास करून, गोणताट नेसून व डोक्यावर माती घालून एकत्र झाले. दिवसाचा चौथा भाग त्यांनीं वचन ऐकण्यांत आणि चौथा भाग पाप पदरीं घेण्यांत व भजनांत घालविला (९:३). नवव्या अध्यायांतील ती लांब प्रार्थना घरीं सावकाश वाचून पाहावी. तींत लोकांचीं पापें आहेत, पण देवाच्या दयेचीं कृत्यें त्यांहून अधिक आहेत. प्रत्येक पडण्यापुढें देवाचें एक उचलणें तेथें लिहिलें आहे. खरी कबुली अशीच असते. ती पाप लपवीत नाहीं, आणि पापापाशींच थांबतही नाहीं.

त्यानंतर त्यांनीं करार लिहिला व त्यावर मोहोरा केल्या. पहिली मोहोर कोणाची होती? अधिपति नहेम्या याची (१०:१). जो लोकांना वळवूं पाहत होता, त्यानें आपलें नांव सर्वांच्या आधीं घातलें. मंडळीचे पाळक, वडील व पंच यांनीं हें ध्यानांत ठेवावें. लोकांना सांगण्याजोगा जो नवा नियम असेल, तो आधीं आपल्या घरीं लागू व्हावा.

आणि त्या करारांत काय लिहिलें होतें? आम्ही आतां चांगले होऊं, अधिक भक्तिमान होऊं, असें मोघम वाक्य त्यांत नाहीं. शब्बाथ दिवशीं कोणी माल विकावयास आला तर आपण घ्यावयाचा नाहीं. सातव्या वर्षीं जमीन पडीक ठेवावयाची व देणें माफ करावयाचें. दरसाल प्रत्येकानें देवाच्या घराच्या सेवेसाठीं शेकेलाचा तिसरा हिस्सा द्यावयाचा. पहिलें पीक, पहिलें फळ व दशांश आणावयाचा. आणि वेदीवर जाळण्यासाठीं लांकडें कोणत्या घराण्यानें कोणत्या वेळीं आणावयाचीं, हें चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचें (१०:३१-३९). पाहा, सकाळीं जें नवीकरण डोळ्यांतल्या पाण्यापासून निघालें, तें जळणाच्या मोळीपर्यंत येऊन पोंचलें! आमच्या संकल्पांचा दोष बहुतकरून येथेंच असतो. ते मोठे असतात, पण त्यांना हात-पाय नसतात. मोळी आणावयाची कोणीं आणि कोणत्या दिवशीं, हें ठरलेलें नसतें.

करारांतील देणें माफ करण्याचें कलम विशेष पाहण्याजोगें आहे. कोटाचें काम चालू असतांनाच गरिबांनीं नहेम्यापुढें ओरड केली होती, कीं धान्यासाठीं आणि राजाच्या करासाठीं आमचीं शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण पडलीं, आमचीं मुलें दास्यांत गेलीं, आणि हें करणारे आमचे भाऊबंदच आहेत. तेव्हां नहेम्यानें सावकारी करणाऱ्या सरदारांना सभेपुढें उभें केलें, व्याज बंद करविलें आणि शेतें परत देवविलीं (अध्याय ५). देवाशीं झालेला नवा करार शेजाऱ्याच्या जुन्या रोख्यास शिवल्याशिवाय राहत नाहीं, हें यावरून दिसतें. आमच्या गांवांत मुकादमाची उचल आहे, लग्नासाठीं काढलेलें कर्ज आहे, आणि मंडळींतल्या मंडळींतही एकमेकांचें देणें-घेणें आहे. ज्याचें घेणें आहे तो सवड देईल काय? ज्याचें देणें आहे तो तोंड चुकविण्याचें सोडून, देईन तेवढें हप्त्यानें देईन असें सांगावयास जाईल काय? नव्या वर्षाची कसोटी भजनाच्या आवाजांत जितकी लागत नाहीं, तितकी येथें लागते.

याचप्रमाणें दुसऱ्याही गोष्टी आहेत, आणि त्या आपणां सर्वांस ठाऊक आहेत. दोघे भाऊ प्रभुभोजनास येतात, परंतु बांधाच्या एका सरीसाठीं त्यांचें बोलणें बंद असतें. बाप्तिस्म्यानें सर्वांनीं एकच ख्रिस्त पांघरला, परंतु सोयरीक जमवितांना पूर्वींची जात हळूच विचारली जाते. मुलीच्या बापाकडून हुंडा घेतला जातो, आणि त्यास मुलाच्या शिक्षणाचा खर्च असें नांव दिलें जातें. पौल गलतीकरांस लिहितो, कीं ख्रिस्तांत यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र असे भेद उरले नाहींत (गल. ३:२८). हें वचन उपासनेंत वाचून मंदिराच्या पायऱ्या उतरतांना विसरलें, तर वर्ष कोणतेंही लागो, मनुष्य जुनाच राहतो.

असा स्पष्ट व सामुदायिक निश्चय केवळ जुन्या करारापुरताच होता असें कोणास वाटेल, म्हणून अलीकडच्या काळांतलीं दोन उदाहरणें देतों. अठराव्या शतकांत इंग्लंडांत ब्रिस्टल शहराजवळ किंग्जवूड येथें कोळशाच्या खाणींत राबणारे मजूर राहत. शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यांत घालविण्याची त्यांतल्या पुष्कळांची रीत होती. जॉन वेस्ली व त्याचे सोबती यांच्या उपदेशानें त्यांपैकीं कित्येकांचें मन फिरलें, आणि तेच लोक रात्रीं एकत्र जमून बराच वेळ प्रार्थनेंत व स्तुतींत जागूं लागले. वेस्लीनें ती रीत मोडली नाहीं. त्यानें तिला वळण लाविलें आणि पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार त्यासाठीं नेमला, कीं दुरून येणाऱ्यांना घरीं परततांना चांदण्यांत वाट दिसावी. आज जगभर वर्षअखेरीस होणाऱ्या जागरणाच्या उपासनेचें एक मूळ त्या खाणमजुरांच्या रात्रींत आहे. जी रात्र पूर्वीं दारूची होती, तीच रात्र त्यांनीं देवास दिली. केवळ सोडणें फार काळ टिकत नाहीं. सोडलेल्या जागीं दुसरें कांहीं बसवावें लागतें.

याच वेस्लीनें ११ ऑगस्ट १७५५ रोजीं लंडनांतील स्पिटलफील्ड्स येथें कराराची उपासना घेतली. देवास आपणांस सर्वस्वीं वाहून देण्याचा करार वाचून दाखविल्यावर संमतीची खूण म्हणून सुमारें १,८०० लोक उभे राहिले, असें त्यानें आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे. पुढें मेथडिस्ट मंडळ्यांत ही उपासना नव्या वर्षाच्या आरंभीं करण्याचा परिपाठ पडला. ऑगस्टांतला एक सोमवार त्यांस चालला, हें ध्यानांत घ्यावें. १७५१ पर्यंत इंग्लंडांत कायद्याचें वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, आणि १७५२ पासून तें १ जानेवारीस सुरू होऊं लागलें. म्हणजे तारखेच्या अंगीं पावित्र्य नाहीं. मनुष्य देवाकडे वळतो तो दिवस नवा; १ जानेवारी त्याची आठवण देणारी घंटा आहे.

दुसरें उदाहरण आपल्याच भूमींतलें आहे. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्ति सदनांत शेंकडों विधवा व अनाथ मुली राहत होत्या. त्यांतल्या पुष्कळजणी १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांतून वांचवून आणलेल्या होत्या. १९०५ च्या जानेवारींत रमाबाईंनीं त्यांना आत्मिक जागृतीची गरज समजावून सांगितली, आणि तीसाठीं आपल्याबरोबर रोज प्रार्थना करण्यास कोण तयार आहे असें विचारलें. सत्तरजणी पुढें आल्या. दुसऱ्या दिवशीं कांहीं घडलें नाहीं. फेब्रुवारींतही नाहीं, मार्चांतही नाहीं. परंतु प्रार्थना थांबली नाहीं, उलट संख्या वाढत गेली, आणि जूनपर्यंत ५५० जणी दिवसांतून दोन वेळां प्रार्थनेस जमूं लागल्या. त्या जून महिन्याच्या अखेरीस तेथें जी जागृति झाली, पापाची जी कबुली झाली, तिची कीर्ति देशोदेशीं पसरली. जानेवारींत पेरलेलें जूनांत उगवलें! आपण शेतकरी लोक आहों. पेरल्या दिवशीं कणीस मागूं नये, हें आपणांस दुसऱ्यानें शिकवावें काय?

आतां आम्ही त्या भिंतीला टेकून बसलेल्या बंधूकडे वळतों. तो म्हणेल, "हें सर्व खरें. पण त्या पाणीवेशीच्या लोकांचा करार टिकला काय?" भाऊ, तुझा प्रश्न रास्त आहे, आणि शास्त्र त्याचें उत्तर लपवीत नाहीं. तो करार टिकला नाहीं.

नहेम्या बारा वर्षें तेथें अधिपति होता. मग तो राजाकडे परत गेला, आणि कांहीं काळानें पुन्हां यरुशलेमेस आला. त्या वेळीं त्यानें जें पाहिलें तें तेराव्या अध्यायांत आहे. देवाच्या घराच्या एका खोलींत तोबीया नांवाचा परका मनुष्य सामान मांडून बसला होता. लेव्यांचे वाटे मिळेनासे झाल्यामुळें ते सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले होते. शब्बाथ दिवशीं लोक द्राक्षें तुडवीत होते, गाढवांवर धान्य लादून आणीत होते, आणि सोरकर लोक मासळी विकीत होते. मुलांच्या तोंडीं स्वतःची भाषाही धड उरली नव्हती. एकेक कलम पाहा: ज्यावर मोहोरा केल्या, तेंच मोडलें. जे रडले होते, ज्यांनीं उभें राहून आमेन म्हटलें होतें, त्याच लोकांकडून हें झालें.

मग पाणीवेशीपुढचा तो दिवस खोटा होता काय? असें शास्त्र म्हणत नाहीं. नहेम्यानें काय केलें तें पाहा. त्यानें तोबीयाचें सामान बाहेर फेकलें, खोल्या शुद्ध केल्या, लेव्यांना शेतांवरून परत आणिलें, शब्बाथाच्या आदल्या सांजेस वेशी बंद करविल्या. आणि त्या पुस्तकाच्या अगदीं शेवटल्या वचनांत काय आहे? नेमलेल्या वेळीं लांकडें आणण्याची त्यानें पुन्हां व्यवस्था लाविली, आणि देवा, माझी आठवण ठेव, अशी प्रार्थना केली (१३:३१). तीच जळणाची मोळी! दहाव्या अध्यायांत जी ठरली, मध्यंतरीं जी विसरली, तीच शेवटीं पुन्हां उचलली गेली. मोडलेल्या कराराचें उत्तर करार न करणें हें नाहीं. मोडला तेथेंच जाऊन, जी मोळी खालीं पडली तीच पुन्हां खांद्यावर घेणें, हें त्याचें उत्तर आहे.

परंतु एवढ्यावर आम्ही थांबलों तर आपली सुवार्ता अपुरी राहील. मनुष्यानें पुन्हां पुन्हां उचलावें आणि पुन्हां पुन्हां टाकावें, असेंच का चालावयाचें? यिर्मया संदेष्ट्यानें सांगितलें होतें, कीं देव नवा करार करील, आणि आपलें नियमशास्त्र दगडावर नव्हे, तर लोकांच्या अंतःकरणावर लिहील व त्यांचें पाप पुन्हां आठवणार नाहीं (यिर्म. ३१:३१-३४). ज्या रात्रीं आपल्या प्रभूस धरून देण्यांत आलें, त्या रात्रीं त्यानें प्याला हातीं घेऊन, तो नवा करार आपल्या रक्तानें होत आहे, असें शिष्यांस सांगितलें. नहेम्याच्या करारावर पहिली मोहोर नहेम्याची होती. आपल्या करारावर पहिली मोहोर ख्रिस्ताची आहे. ती आपल्या शाईची नाहीं, आणि आपल्या हातून ती पुसलीही जात नाहीं. आपण तिच्याखालीं आपलें लहानसें नांव लिहितों, एवढेंच.

त्याच रात्रीं पेत्रानेंही एक संकल्प केला होता. सर्व सोडून गेले तरी मी सोडणार नाहीं, असें तो म्हणाला. आणि कोंबडा आरवण्यापूर्वींच तो संकल्प तीन वेळां मोडला. पुढें तिबिर्या समुद्राच्या कांठीं प्रभूनें त्यास गांठलें. प्रभूनें त्याच्याकडून नवी शपथ घेतली नाहीं, जुन्या शपथेचा हिशेबही मागितला नाहीं. आपल्यावर प्रीति आहे काय, एवढेंच तीन वेळां विचारलें, आणि तीनही वेळां त्याच्या हातीं काम दिलें (योहा. २१:१५-१७). भाऊ, तुझी लाज प्रभूस ठाऊक आहे. तुझ्या मोडलेल्या संकल्पांची यादी तो तुझ्यापुढें धरणार नाहीं. तो तुला प्रीतीविषयीं विचारील, आणि मग मेंढरांकडे बोट दाखवील. आंतला मनुष्य दिवसेंदिवस नवा होत जातो, असें पौल म्हणतो (२ करिंथ. ४:१६); वर्षांतून एकदां होतो, असें तो म्हणत नाहीं. परमेश्वराची दया दररोज सकाळीं नवी असते, असें विलापगीतांत आहे (विलाप. ३:२२-२३). म्हणून २ जानेवारीस पडलास तर पुढच्या ३१ डिसेंबरची वाट पाहत बसूं नको. ३ जानेवारीची सकाळ देवानें तुझ्यासाठींच ठेविली आहे.

तर मग या वर्षीं आपल्या मंडळ्यांनीं काय करावें? आम्हांस चार लहान गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली: पहिल्या प्रभुवारीं नहेम्याचा आठवा अध्याय मंडळींत वाचावा, आणि ज्यांना अक्षर येत नाहीं त्यांनाही समजेल असा त्याचा अर्थ सांगावा, जीं कुटुंबें तोडणीवर आहेत त्यांच्याकडे कोणी तरी जाऊन तोच अध्याय वाचावा. दुसरी: त्या दिवशीं प्रत्येक घरानें एक वाटा घराबाहेर धाडावा, आणि तो ख्रिस्ती घरींच गेला पाहिजे असें नाहीं. तिसरी: प्रत्येक कुटुंबानें प्रार्थना करून एकच निश्चय कागदावर लिहावा, आणि त्यांत कोणीं, काय, केव्हां हें स्पष्ट असावें. अमुक भावाच्या घरीं अमुक दिवशीं जाऊं. अमुक देण्यापैकीं महिन्याला इतकें फेडूं. मुलाच्या लग्नांत हुंडा घेणार नाहीं. संध्याकाळीं जेवणापूर्वीं घरांत एक उतारा वाचूं. पाळकांनीं व पंचांनीं आपला कागद आधीं लिहावा. चौथी: तो कागद शास्त्राच्या पुस्तकांत ठेवावा, आणि दर प्रभुभोजनाच्या आदल्या रात्रीं काढून पाहावा. निश्चय पाळला असेल तर देवाचे उपकार मानावे. मोडला असेल तर कागद फाडूं नये, त्याच ओळीखालीं नवी तारीख घालावी. वर्षाच्या शेवटीं एखाद्या कागदावर बारा तारखा झाल्या, तरी तो कागद पराभवाचा नव्हे. ज्यानें बारा वेळां मोळी पुन्हां उचलली त्याची ती साक्ष आहे.

आपण प्रार्थना करूं या.

हे स्वर्गींच्या बापा, तूं वर्षांचा व ऋतूंचा धनी आहेस. आमचें जुनें वर्ष तुझ्यापुढें उघडें आहे. त्यांत जें मोडलें तें तूं पाहिलेंस, आणि तरीही आज सकाळीं तूं आम्हांस उठविलेंस. तुझें वचन आम्हांस समजूं दे. आमच्या आनंदांतला वाटा शेजाऱ्याच्या दारीं पोंचूं दे. फडांत, कोपींत, वाटेवर असलेल्या आमच्या बंधुभगिनींना तूं सांभाळ. जो कोणी लाजेनें मागें बसला आहे, त्याच्याजवळ तूंच जाऊन बैस. आमची मोहोर कच्ची आहे, प्रभो. तुझ्या पुत्राची मोहोर पक्की आहे. तिच्याच आधारानें आम्ही या वर्षांत पाऊल टाकितों. येशू ख्रिस्ताच्या नांवानें. आमेन.